हा आकडा आला कुठनं? फुकटातली एसइओ टूल्स निवडताना

नमस्कार मंडळी. दुकानं, कारखाने सोडून दुपारच्याला आलात, त्यामुळे सरळ विषयावरच येतो, आणि सुरुवात टॉवेलपासून करतो, कारण इथं सोलापुरात बसलेल्या निम्म्या लोकांना टॉवेल माझ्यापेक्षा जास्त कळतो.

व्यापारी कारखान्यात येतो, टॉवेल चिमटीत धरतो, अंगठ्यानं चोळून बघतो आणि म्हणतो, साडेचारशे जीएसएम असेल, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजन. जुना माणूस असतो, बऱ्याचदा बरोबरच्या आसपास असतो. पण पार्टीला माल पाठवायची वेळ आली की तुम्ही त्याच्या चिमटीवर जाता का? नाही, तुम्ही गोल कटर काढता, 100 चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापता, छोट्या काट्यावर ठेवता, साडेचार ग्रॅम भरलं की शंभरनं गुणायचं, झालं 450. आता हा आकडा खात्रीचा.

एसइओची, म्हणजे आपली साईट गूगलच्या शोधात वर यावी यासाठीची जेवढी टूल्स आहेत ना, त्यात काही काट्याची आहेत आणि बरीचशी चिमटीची आहेत. फुकट असण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. काट्याचं टूल फुकट मिळतं आणि चिमटीच्या टूलला लोक महिन्याला हजारो रुपये भरतात. म्हणून कुठलंही टूल उघडलं की पहिला प्रश्न एकच विचारा, हा आकडा आला कुठनं? माझ्या साईटवर मोजून आला, का बाहेरून अंदाज बांधून आला?

काट्याचं पहिलं टूल म्हणजे गूगल सर्च कन्सोल. पूर्वी त्याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे, 2015 मध्ये नाव बदललं. पूर्ण फुकट. लोकांनी गूगलमध्ये काय टाईप केलं तेव्हा तुमची साईट दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या नंबरवर होती, हे सगळं त्यात दिसतं, आणि हे सांगणारा दुसरा कोणी नाही, खुद्द गूगल सांगतंय. 16 महिन्यांचा हिशोब राहतो, म्हणजे यंदाची लग्नसराई मागच्या लग्नसराईला लावून बघता येते, या गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या गड्डा यात्रेच्या महिन्यात मागच्या गड्ड्यापेक्षा काय फरक पडला ते कळतं.

यातनं काय हाती लागतं त्याचं एक उदाहरण सांगतो. चादरीवाल्या एका काकांची साईट मी बघतो. त्यांच्या साईटवर सोलापूरचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडं आत्ताचं होतं, एस ओ एल वालं. सर्च कन्सोलमध्ये क्वेरीची, म्हणजे लोकांनी टाईप केलेल्या शब्दांची यादी उघडली तर जुन्या स्पेलिंगनं, म्हणजे एस एच ओ एल, शोलापूर असं टाईप करून शोधणारे कितीतरी लोक, आणि तिथं आमची साईट दुसऱ्या तिसऱ्या पानावर. कोण असतील हे? बाहेरगावचे, घरात आजीच्या वेळची चादर असलेले, ज्यांच्या तोंडात अजून शोलापुरी चादरच आहे असे लोक, माझा अंदाज असा आहे. मग ‘आमच्या चादरीबद्दल’ या पानावर आम्ही दोन ओळी सरळ लिहिल्या की शोलापूर म्हणजेच सोलापूर, जुनं स्पेलिंग असं होतं, आणि जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली चादर ती हीच. त्या पानावर जुन्या स्पेलिंगनं लोक यायला लागले. एक रुपया लागला नाही. हे कुठल्याही बाहेरच्या टूलनं मला सुचवलं नव्हतं.

आता त्याच काकांची दुसरी गोष्ट, आणि ही सांगताना मला अजून त्रास होतो. काकांनी नेटवर सापडलेल्या एका फुकट चेकरमध्ये, म्हणजे साईट तपासणाऱ्या टूलमध्ये, साईटचा पत्ता टाकला. लाल अक्षरात 63 चुका. खाली मोबाईल नंबर मागितला होता, तो यांनी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, साईटची अवस्था गंभीर आहे, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटवरनं तुमच्याकडं येणाऱ्या लिंका देतो. काकांनी पैसे भरले आणि मग मला सांगितलं. मी त्या 63 चुका एकेक करून वाचल्या. त्यातली एक होती, मेटा कीवर्ड टॅग नाही, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायची शब्दांची यादी नाही. अहो, हा टॅग आम्ही रँकिंगसाठी वापरत नाही असं गूगलनं 2009 मध्येच जाहीर केलंय! दुसरी होती पेजरँक शून्य, म्हणजे लिंकांवरून पानाला गूगल द्यायचं तो गुण. गूगलनं तो टूलबारवरचा पेजरँक दाखवणं 2016 मध्ये बंद केलं. बाकीच्या बहुतेक एकच गोष्ट प्रत्येक पानासाठी वेगळी मोजून वाढवलेल्या. आणि ज्या लिंका मिळाल्या त्या कुठल्या कुठल्या परभाषेतल्या साईटवरच्या, जुगाराच्या पानांच्या शेजारी चादरीची लिंक. विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमात बसत नाहीत, त्यासाठी साईट खाली जाऊ शकते, म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेतला. एका साध्या विणकराच्या घरातले पैसे होते ते.

म्हणून टूल पारखायची माझी सवय सांगतो. मेटा कीवर्ड नाही म्हणून लाल शेरा मारतंय, पेजरँक दाखवतंय, ते बंद करून टाका, त्याला कोणी हात लावून कितीतरी वर्षं झालीत. रिपोर्ट दाखवायच्या आधी नंबर मागतंय, तेही बंद. आणि ब्राउझरचं एक्स्टेंशन टाकताना परवानगीची ओळ वाचा की, सगळ्या साईटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात काही जण, त्याच ब्राउझरमध्ये तुमचं नेट बँकिंग उघडता तुम्ही.

डोमेन अथॉरिटीचं, म्हणजे साईट किती वजनदार आहे हे सांगणाऱ्या आकड्याचं खूप जण विचारतात. ती मॉझ नावाच्या कंपनीची स्वतःची मोजणी आहे, 1 ते 100 मध्ये. गूगल ती वापरत नाही. एचरेफ्स, सेमरश या तशाच दुसऱ्या कंपन्या, एचरेफ्सचा आकडा वेगळा, सेमरशचा आणखी वेगळा, कारण प्रत्येकजण आपापला रोबो फिरवून आपापल्या पद्धतीनं अंदाज काढतो. तीन व्यापारी, तीन चिमट्या. दोन साईटची तुलना करायला ठीक आहे, पण ती 12 ची 20 करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. एचरेफ्सचं वेबमास्टर टूल्स मात्र स्वतःच्या साईटपुरतं फुकट आहे आणि तुटलेल्या लिंका शोधायला चांगलं आहे, ते मी वापरतो.

कीवर्डसाठी, म्हणजे लोक कुठले शब्द टाकून शोधतात ते बघायला, गूगल ॲड्समधला कीवर्ड प्लॅनर आहे, पण जाहिरातीवर खर्च नसेल तर तो मोघम सांगतो, एक हजार ते दहा हजार असं. एक हजार आणि दहा हजारात केवढा फरक! त्यामुळे त्यातनं शब्द सुचले तर घ्या, आकड्यावर माल तयार करू नका. एखादा शब्द कधी जास्त शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्येही 100 दिसलं म्हणजे शंभर लोक नव्हेत, त्या काळातला सगळ्यात वरचा टप्पा म्हणजे 100 आणि बाकीचं त्याच्या तुलनेत. शेंगा चटणीची मागणी वर्षात कधी चढते ते बघायला मात्र ते उत्तम.

साईट किती वेगानं उघडते ते बघायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स. तिथं दोन भाग असतात आणि लोक फक्त खालचा रंगीत गोल बघतात. वरचा भाग खऱ्या लोकांच्या क्रोममधनं मागच्या 28 दिवसांत गोळा झालेला, तो काटा. खालचा स्कोअर म्हणजे त्या क्षणी केलेली एक चाचणी, दोनदा चालवली तर दोन आकडे येतात, त्यात 87 चे 91 करायला रात्र घालवू नका. लहान साईटला वरचा भाग रिकामा येतो, तेवढे लोक येत नाहीत म्हणून, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदाच्या आत दिसला पाहिजे हे धरून चला. आपल्याकडं नव्वद टक्के दुखणं फोटोचं असतं असं मी माझ्या अनुभवानं सांगतो, मोबाईलवर काढलेला सहा एमबीचा चादरीचा फोटो तसाच्या तसा चढवलेला. स्क्वूश नावाचं फुकट टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात फोटो वेबपी या हलक्या प्रकारात करून घ्या, चादरीवरचा मोर तसाच राहतो आणि साईझ कुठल्या कुठं खाली येते.

साईटमध्ये कुठल्या पानाला टायटल नाही, कुठं एकच टायटल चार पानांना, त्यासाठी स्क्रीमिंग फ्रॉग, पानांच्या 500 पत्त्यांपर्यंत फुकट आणि ती मर्यादा ते स्पष्ट सांगतात. फुकट देऊन पुढचं विकणं यात गैर काही नाही, चटणीवाला पण चमचाभर हातावर देतोच, फक्त चव बघताना तुमच्या घराची किल्ली मागू नये.

किल्लीवरून आठवलं, शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मागं बसलेल्या ताईंची चिठ्ठी आलीय, साईट करून देणारा मुलगा फोन उचलत नाही आणि सर्च कन्सोल त्याच्या जीमेलवर आहे, आता काय करायचं. ताई, काळजी करू नका. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, तुमच्या नावावर आहे ना? मग जिथनं डोमेन घेतलं तिथं लॉगिन करून डीएनएस नावाच्या सेटिंगमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गूगलनं दिलेली एक ओळ टाकायची, गूगल ती बघून तुम्हाला मालक मानतं. मग यूजर्समध्ये तो मुलगा दिसेल, मालकी दाखवायला त्यानं साईटवर ठेवलेली त्याची खूण आधी काढायची आणि मग त्याला काढायचं, नाहीतर तो परत मालक म्हणून येऊ शकतो. पुढं कोणालाही काम दिलं तर त्याला यूजर म्हणून जोडा, ओनर करू नका, आणि पासवर्ड तर कोणालाच नाही. लॅपटॉप आणलेल्यांनी थांबा, ज्या नंबरवर डोमेनचा ओटीपी येतो तो मोबाईल जवळ ठेवा, ताईंपासून सुरुवात करू.