कणकेच्या गोळ्याने टिपलेल्या भिंती

श्रोतेहो, पोळ्या होत आल्या की पोळपाटाभोवती सांडलेलं पीठ आपण शेवटच्या गोळ्याने टिपून घेतो ना? अगदी याच युक्तीने कॅनडात, टोरांटोला, एका अख्ख्या नाट्यगृहाच्या भिंती स्वच्छ झाल्या.

एका कसलं, तिथे दोन आहेत, एकावर एक! अमेरिकेतले नाट्यगृहांचे मालक मार्कस लो यांनी ती बांधून घेतली, आराखडा टॉमस लॅम यांचा. खालचं, म्हणजे आजचं एल्गिन, डिसेंबर १९१३ मध्ये उघडलं. सात मजले वरचं विंटर गार्डन दोन महिन्यांनी. यंग स्ट्रीटवरची जागा महाग, म्हणून रस्त्याकडे नुसतं चिंचोळं तोंड आणि प्रेक्षागृहं पार मागे.

तो जमाना व्होडव्हिलचा. एका तिकिटात गाणं, नाच, विनोदी जोड्या, कसरती आणि वर मूकपटाची रिळं. खाली दिवसभर स्वस्तात खेळ चालत. वर तोच कार्यक्रम, पण फक्त रात्री, राखीव खुर्च्या आणि चढं तिकीट. कलाकार तेच, विनोद तेच, मग जादा पैसे कशाचे? मला विचाराल तर छताचे! तिथे बीच झाडाच्या खऱ्याखुऱ्या फांद्या पानांसकट टांगलेल्या, मधूनमधून कंदील, खांब बुंध्यांसारखे, भिंतींवर हाताने रंगवलेल्या फुलवेली.

१९२८ मध्ये वरच्या बागेला कुलूप लागलं. खालचं सिनेमागृह होऊन चालत राहिलं, त्यावर रंगाचे थर चढत गेले. वर पन्नास वर्षांहून अधिक काळ कोणी ढुंकूनही पाहिलं नाही आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. जुने रंगवलेले पडदेसुद्धा शाबूत राहिले.

१९८१ मध्ये ऑन्टॅरिओच्या वारसा संस्थेने इमारत घेतली. वरच्या बागेच्या भिंतींवर काजळी, पण काजळीखालचे रंग पाण्याचे. ओला फडका फिरवला असता तर फुलंच फडक्यावर आली असती! म्हणून पावासाठी मळतात तसल्या कच्च्या पिठाचे गोळे भिंतीवर दाबून मळ टिपला. शेकडो पौंड पीठ लागलं. पाच हजारांवर नव्या फांद्या आणल्या, त्या पेटू नयेत म्हणून प्रक्रिया केली, आणि १९८९ मध्ये दारं पुन्हा उघडली.

खुर्च्या मात्र आल्या शिकागोच्या बायोग्राफ थिएटरमधून. १९३४ साली जॉन डिलिंजर हा कुख्यात दरोडेखोर तिथेच सिनेमा पाहून बाहेर पडला आणि गोळ्यांना बळी पडला. तेव्हा विंटर गार्डनला गेलात, तर बसण्याआधी खुर्ची जरा निरखून घ्या.