दोन खडक, एक आरसा आणि भरपूर धूर

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण अवकाशातल्या व्हॅम्पायरांकडे जाणार आहोत. यान आहे, हेल्मेट आहे, लुकलुकणारे दिवे आहेत, आणि या सगळ्यात पुरलेलं प्रेत उठून चालायला लागतं. असे सिनेमे बहुतेकदा एका तिकिटात दोन खेळ दाखवायचे त्यातला एक म्हणून लागायचे आणि उतरायचे. मग टीव्हीवर रात्री उशिरा, पुढे व्हिडिओ कॅसेटवर ते फिरत राहिले आणि त्यांना एक चिवट प्रेक्षक मिळाला. कल्ट म्हणतात ते याला. हल्ली हा शब्द प्रदर्शनाआधीच पोस्टरवर छापतात. लग्नाच्या पत्रिकेतच बारशाचं आमंत्रण दिल्यासारखं आहे ते. असो.

या सिनेमांची ओढ कशात आहे? माझ्या मते, नियमांत. व्हॅम्पायर हा भुतांमधला सगळ्यात नियमाचा पक्का. लसूण चालत नाही, ऊन सोसत नाही, आरशात दिसत नाही, छातीत खुंटी ठोकली की संपला. का? तर तसं आहे म्हणून. विज्ञानकथा काय करते, नियम तसेच ठेवते आणि त्यांच्याखाली कारण सरकवते. रिचर्ड मॅथेसनच्या १९५४च्या कादंबरीत, 'आय अ‍ॅम लेजंड'मध्ये, व्हॅम्पायरपण हा जंतूचा आजार आहे. हा जंतू हवेवाचून जगणारा. खुंटी ठोकली की जखमेतून हवा आत शिरते, जंतूचा स्वभाव पालटतो आणि तो आपल्याच यजमानाला खाऊन टाकतो. म्हणजे काम खुंटीचं नव्हे, हवेचं! पुन्हा सांगतो: नियम जुना, कारण नवं. एवढं लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला रोमला नेणार आहे आणि तिथून लवकर परत आणणार नाही.

साल १९६५. रोमचा चिनेचित्ता स्टुडिओ. दिग्दर्शक मारिओ बाव्हा. हा माणूस मुळात कॅमेरामन, आणि त्याचे वडीलही कॅमेरा आणि ट्रिक फोटोग्राफीतलेच. त्याला एक अख्खा परका ग्रह उभा करायचा आहे. ग्रहाचं नाव ऑरा. तिथून मदतीची हाक येते, दोन यानं उतरतात, आणि उतरताक्षणी माणसं एकमेकांचे गळे धरतात. सिनेमाचं इटालियन नाव 'तेर्रोरे नेल्लो स्पात्सिओ', म्हणजे अवकाशातली दहशत. अमेरिकेत गेल्यावर वितरकांनी त्याचं 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स' करून टाकलं. गंमत अशी की, यात रक्ताचा एक थेंबही कोणी पीत नाही.

तर ग्रह. ग्रहासाठी बाव्हाकडे होतं काय? तो स्वतः पुढे मुलाखतीत सांगायचा: दोन खडक. प्लॅस्टिकचे. कुठल्याशा पौराणिक सिनेमाच्या सेटवरून उरलेले. तेव्हा इटलीत हर्क्युलिसचे सिनेमे धडाधड निघत, तसल्याच एखाद्यातले. दोन खडक, श्रोतेहो! आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या गणपतीतल्या डोंगरालासुद्धा यापेक्षा जास्त सामान लागतं.

त्यानं ते दोन खडक मोकळ्या सेटच्या मधोमध ठेवले. जमीन दिसू नये म्हणून धूर सोडला. मागचा पडदा दिसू नये म्हणून मागे जेमतेम उजेड ठेवला. आणि एक शॉट झाला की खडक उचलून दुसरीकडे. पुन्हा शॉट, पुन्हा उचल. जिथं खडक कमी पडले तिथं छोट्या प्रतिकृती, आरसे, आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्रण. झाला ग्रह.

आता यातला आरसा नीट समजून घेऊ, कारण सगळी मजा तिथं आहे. ही युक्ती जर्मन कॅमेरामन ऑयगेन श्युफ्टान याच्या नावानं ओळखली जाते. 'मेट्रोपोलिस' या १९२७च्या सिनेमामुळे ती गाजली. कॅमेऱ्यासमोर आरसा ४५ अंशांत तिरका उभा करायचा. बाजूला, कॅमेऱ्याच्या काटकोनात, डोंगराची छोटी प्रतिकृती ठेवायची. कॅमेऱ्याला आरशात डोंगर दिसतो. मग आरशाच्या पाठीवरचा मुलामा नेमका तेवढाच खरवडायचा, जिथं नट दिसायला हवेत. तिथं आता साधी काच उरली. काचेतून पलीकडे लांब उभे असलेले नट दिसतात, बाकी आरशात डोंगर. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्याला जवळचं आणि लांबचं वेगळं कळत नाही. हातभर डोंगराच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसं चालताना दिसतात.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे, आरशात उजवं-डावं उलटतं, म्हणून प्रतिकृती आधीच उलटी बनवावी लागते. दुसरं, खरवडलेल्या जागेच्या बाहेर नटानं हात काढला की हात गायब. डोंगरानं गिळल्यासारखा. म्हणून जमिनीवर खुणा, आणि खुणेपलीकडे पाऊल नाही. तिसरी भानगड सगळ्यात त्रासाची. खरवडली तरी काच ती काचच, थोडं प्रतिबिंब पडतंच. रात्री एसटीच्या खिडकीत आपलाच चेहरा दिसतो ना, तसं. मग नटाच्या छातीवर डोंगराचा पुसट उजळ डाग येतो. उपाय सोपा: प्रतिकृतीचा जो भाग त्या काचेसमोर येतो तिथं काळं मखमल टाकायचं.

आणि खरवडलेली कड? ती दिसत कशी नाही? आरसा कॅमेऱ्याच्या इतका जवळ असतो की कड धूसर होते, आणि धूसर कड धुरात मिसळून जाते. इथं धूर आला बघा पुन्हा. धुराचं काम वातावरण निर्माण करणं, असं आपण समजतो. बाव्हाकडे धुराचं पहिलं काम झाकणं. जमीन झाक, सांधा झाक, गरिबी झाक.

पण धूर हा बेभरवशाचा नोकर. तो दोन जातींचा. तेल तापवून काढलेला धूर गरम असतो, तो वर जातो आणि खोली भरून टाकतो. जमिनीला चिकटून वाहणारा हवा असेल तर कोरडा बर्फ. घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश सेल्सिअसचा. तो गरम पाण्यात टाकला की थंड, जड धुकं निघतं आणि जमिनीवर लोळतं. पाणी गार पडलं की धुकं मरतं, म्हणून आधण सतत तयार पाहिजे. दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, की ग्रह उडाला. दोन शॉटमध्ये धुराची पातळी गुडघ्यावरून घोट्यावर आली, तर जोडताना माणूस एकदम उंच झाल्यासारखा वाटतो. आणि हा वायू खाली साचतो, त्यामुळे बंद जागेत प्रेत होऊन जमिनीवर पडलेल्या नटाच्या नाकाशी तोच. उभ्या असलेल्यांना काही कळत नाही, आडवा पडलेला गुदमरतो.

जाता जाता सांगतो, हल्ली मंगल कार्यालयात नवरीच्या प्रवेशाला हाच धूर सोडतात. पाटावर बसलेल्या गुरुजींचा विचार कोणी करत नाही. दारं-खिडक्या तरी उघडा.

छोट्या यानाचं चित्रण करताना आणखी एक हिशेब असतो. प्रतिकृती खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाची असेल, तर १६चं वर्गमूळ ४. म्हणून चौपट वेगानं चित्रण करायचं, सेकंदाला २४ऐवजी ९६ चौकटी. मग दाखवताना सगळं मंदावतं आणि यान टनावारी वजनाचं वाटतं. हा हिशेब चुकला की यान खेळण्यासारखं टुणकन उतरतं. आणि हिशेब बरोबर आला तरी धूर फसवतोच, कारण धुराची प्रतिकृती करता येत नाही. धुराचा लोट लोटाएवढाच.

एवढं सगळं ज्या दृश्यासाठी ते आता पाहा. मेलेल्यांना त्या ग्रहावर पुरलंय. वर धातूचे पत्रे. रात्र. लाल-हिरवा उजेड, तोही धुरातून. एक पत्रा हलतो, कलतो. आतून माणूस उभा राहतो, संथ, पाण्याखाली असल्यासारखा. अंगावर कफन आहे, पण कापडाचं नाही, प्लॅस्टिकचं. पारदर्शक. तो दोन्ही हातांनी ते फाडतो. धोब्याकडून आलेल्या सूटवरची पिशवी आपण फाडतो, तशी. ही साधी पिशवी बघून अंगावर काटा येतो, तो कोणत्याही सुळ्यांनी येत नाही. वाड्यातली धूळ, कोळिष्टकं, मेणबत्त्या, यातलं काही नाही. स्वच्छ, कारखान्यातून आलेलं मरण.

याच सिनेमात पुढे एका परक्या, पडक्या यानात अवाढव्य सांगाडा सापडतो. १९७९चा 'एलियन' पाहिलेल्यांना तिथं ओळख पटते, कारण त्यातही असाच सांगाडा आहे, आणि त्यावर चाहते अजून वाद घालत असतात. मला त्या वादात रस नाही. मला रस आहे तो संवादांत. नट अमेरिकी, ब्राझिलियन, स्पॅनिश, इटालियन. सेटवर ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलायचं, आवाज नंतर भरायचा. समोरचा काय म्हणाला ते कळत नाही, तरी मान डोलवायची. परग्रहावर हरवल्याचा भाव चेहऱ्यावर फुकटात आला! डबिंगला नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वाईट डबिंग वाईटच, पण या सिनेमात ते ग्रहाचाच भाग होऊन जातं.

आता हे व्हॅम्पायर कसले, असं कोणी विचारेल. ऑरावरच्या जिवांना स्वतःचा देह वापरता येत नाही, ते मेलेल्यांच्या देहात शिरतात. श्रोतेहो, हा ड्रॅक्युला नाही, हा आपला वेताळ आहे! प्रेतात राहतो, बोलतो, पुन्हा झाडाला लटकतो. आणि इंग्रज प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टननं १८७०मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. वेताळाला व्हॅम्पायर म्हणायची चूक अमेरिकी वितरकांच्या कितीतरी आधीची आहे.

पैसा असता तर हे सिनेमे आणखी चांगले झाले असते का? १९८५चा 'लाइफफोर्स' पाहा. अडीच कोटी डॉलर, हॅलेच्या धूमकेतूत लपलेलं यान, हेन्री मॅन्सिनीचं संगीत, 'एलियन'च्या लेखकाचा पटकथेत हात. इथले व्हॅम्पायर रक्ताऐवजी थेट प्राणशक्ती ओढून घेतात, माणसाचं वाळकं खोड होतं. तिकीटबारीवर साफ आपटला. पण तोही कल्ट झाला, म्हणजे गरिबी ही काही अट नाही. वेडेपणा मात्र प्रामाणिक लागतो.

वेळ संपत आली, एकच सांगतो. 'क्वीन ऑफ ब्लड', १९६६. यानाची भव्य दृश्यं सोव्हिएत सिनेमातून घेतलेली, माणसं हॉलिवूडमध्ये चित्रित केलेली. मंगळावरून यानात घेतलेली एक हिरवट, मुकी बाई. तिला रक्त लागतं. यानावरचे लोक अगदी सज्जनपणे आपला प्लाझ्माचा साठा तिला देतात, आणि साठा संपतो. पुढचं तुम्हाला कळलंच. तिला मारतं काय? खुंटी नाही, ऊन नाही. झटापटीत नायिकेच्या नखाचा एक ओरखडा. बाईला रक्त न गोठण्याचा आजार, ती हिरवं रक्त सांडत मरते. नियम जुना, कारण नवं, आठवलं?

आणि यानात तिनं अंडी घालून ठेवलेली असतात. नष्ट करा, असं नायक कळवळून सांगतो, शास्त्रज्ञ ऐकत नाहीत. शेवटी अंड्यांचा ट्रे घेऊन जो हसतमुख सहायक चालत निघतो ना, तो आहे फॉरेस्ट अ‍ॅकरमन, भयपटांच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध मासिकाचा संपादक. अंडी पडली ती चाहत्याच्याच हातात. नमस्कार.