तापला की वाढणार

नमस्कार श्रोतेहो. इकडे इंग्लंडात ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जातात, घरोघरी हीटिंग लागतं, म्हणजे बॉयलरमधलं गरम पाणी पाइपांतून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं, आणि पाइप बोलायला लागतात.

गेल्या नोव्हेंबरात आई साताऱ्याहून आली होती. पहाटे साडेपाचला बॉयलर लागला की तिच्या खोलीत जमिनीखालून टक्, टक्, टक्. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, पहाटेपासून डोळा लागत नाही. खाली कोण ठोकतंय?" मला फार वाईट वाटलं. सवयीने माझ्या कानांवरून तो आवाज कधीच निघून गेला होता.

रविवारी कार्पेट गुंडाळून फळी उचलली. घर जुनं, लाकडी तुळईला खाच पाडून तांब्याचा पाइप त्यात घट्ट बसवलेला. बाकी सगळा काळपट, खाचेपाशी मात्र घासून घासून लखलखीत! आई वाकून म्हणाली, "हे तर बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेसारखं. लोहार तापवतो, ती वाढते, तेव्हाच चाकावर चढते." अगदी तेच. 10 मीटरचा तांब्याचा पाइप 15 अंशांवरून 65 वर गेला की सुमारे 8 मिलिमीटर लांबतो. सरकायला वाव नसला की लाकडात अडतो, आणि निसटला की टक्. निवतानाही तसंच.

म्हणून त्याला आवळून गप्प करायला जाऊ नका, वाव द्या. मी पाइप हलकेच उचलून खाचेत जाड फेल्टची पट्टी सरकवली. तुळई आणखी कोरू नका, तिच्यावर मजला उभा आहे. फळीखाली विजेच्या तारा आणि गॅसचा पाइपही असू शकतो, तेव्हा खिळे जपून काढा आणि ठोका. शिवाय रेडिएटरकडे जाणारं पाणी 75 अंशांवरून 60 वर आणलं. पाइप कमी लांबतो, गॅसही वाचतो. आमचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे टाकीशिवाय, नळ सोडला की पाणी तापवणारा. गरम पाण्याची टाकी असेल त्यांनी मात्र आधी जाणकाराला विचारावं, कारण टाकीतलं पाणी फार कोमट ठेवलं तर जंतू वाढतात.

रेडिएटरमध्ये गुडगुड होत असेल तर ती हवा. हीटिंग बंद करा, थंड होऊ द्या, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या हवेच्या झडपेशी फडकं धरून तिची किल्ली जराशी फिरवा. फुस्स थांबून पाणी आलं की लगेच बंद. मग बॉयलरचा दाब बघा. थंड असताना साधारण 1 ते 1.5 बार हवा.

पण खुद्द बॉयलरच किटलीसारखा खदखदत असेल तर आत क्षार किंवा गाळ साचलेला असतो. लंडनचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, तिथे हे जास्त. कृपा करून त्याचं झाकण स्वतः उघडू नका. 'गॅस सेफ' या इथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंद असलेलाच माणूस बोलवा, आणि त्याचं ओळखपत्र मागून बघा. मागायला संकोच नको.

सोमवारी आई सातला उठली. उठल्या उठल्या तिने रेडिएटरला हात लावून पाहिला, तापलाय ना म्हणून.