हवा कुठून गळते?

जुनं पेन हातात आलं की आपण आधी निब बघतो. माझं सांगणं असं की आधी त्यातली हवा कुठून बाहेर जाते आणि शाई कशाच्या जोरावर आत येते, ते बघा. पेन भरायच्या निरनिराळ्या तऱ्हांची मेख या देवघेवीत आहे. बिघाडही बहुधा तिथेच होतो, कारण हवा अडवणारा भाग बहुतेकदा रबराचा असतो आणि रबर कडक होतं.

कॉंकलिन कंपनीच्या पेनांमधली चंद्रकोर समजायला सोपी. बॅरलवरचं, म्हणजे पेनाच्या धडावरचं, कडं फिरवलं की बाहेर आलेली धातूची चंद्रकोर दाबता येते आणि आतली पट्टी शाईची रबरी पिशवी चेपते. ती दबत नसेल तर जोर लावू नका. आत पिशवी दगड झालेली असते, पट्टी वाकेल.

शेफर कंपनीचं १९५२ सालचं स्नॉर्केल पेन मात्र सावकाश बघण्यासारखं आहे. मागची घुंडी उलटी फिरवली की निबखालून बारीक नळी बाहेर येते. घुंडी मागे ओढायची, नुसती नळी शाईत धरायची आणि घुंडी एका दमात खाली दाबायची. बॅरलमध्ये कोंडलेली हवा पिशवी चेपते. घुंडीचा दट्ट्या तळाला पोचला की त्या हवेला वाट मिळते, पिशवी फुगते आणि शाई ओढते. दहा सेकंद नळी शाईतच राहू द्या. निब कोरडी राहते, पुसावी लागत नाही. किती विचार केलाय बघा!

परीक्षा पाण्यात घ्या. घुंडी दाबताना काहीच अडत नसेल तर मागची ओ-रिंग (रबरी कडी) किंवा पुढची रबरी चकती हवा सोडते आहे. दाब जाणवतो पण नळीतून बुडबुडे येत नाहीत, तर पिशवी कडक झाली आहे किंवा नळी तुंबली आहे. पिशवी १४ नंबरची लागते. अमेरिकी नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टांश, त्यामुळे १६ नंबरची पिशवी पाव इंच जाड. रबरी बुचावर ती शेलॅकनेच (लाखेच्या गोंदाने) चिकटवा. झटपट चिकटणारा गोंद वापरलात तर पुढच्या वेळी बूच तुटेल. शेलॅक थोड्या उबेने सुटतो. रात्रभर वाळू द्या. पिशवीला बिनवासाची टाल्क लावा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं.

पार्करच्या १९३३ सालच्या व्हॅक्युमॅटिकमध्ये पिशवीच नाही, अख्खं बॅरल शाईची टाकी. मागचा रबरी पडदा दर दाबाला थोडी हवा काढतो, म्हणून दहाएक वेळा दाबावं लागतं. कितीही दाबलं तरी दोनचार थेंबांवर अडलं, तर आतली बारीक श्वासनळी, म्हणजे हवा बाहेर जायची नळी, तुटली आहे का बघा. बॅरल सेल्युलॉइडचं असेल तर ज्योत लांब ठेवा, ते भडकन पेटतं.

पार्कर ६१ (१९५६) या सगळ्यांना अपवाद. ना पिशवी, ना दट्ट्या. बॅरल काढून शेपटीकडची बाजू मिनिटभर शाईत उभी करायची. आतल्या बारीक फटी शाई आपोआप शोषतात, बाहेर लागलेली शाई टेफ्लॉनच्या गुळगुळीत लेपामुळे ओघळून जाते. हवा गळायची भीती नाही, पण शाई आत वाळली तर सहज निघत नाही. शेपटीतून रबरी फुग्याने पाणी सोडा, भिजत ठेवा, पाणी बदला. नितळ पाणी यायला कित्येक दिवस लागतात, आणि तोवर त्यात नवी शाई भरू नका.