वर होता की खाली?

श्रोतेहो, नमस्कार.

४ डिसेंबर म्हणजे नौदल दिन. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव. आमच्या खानापूर भागात पलटणीत गेलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. मी मात्र १९६७ साली नौदलात भरती झालो. आजी म्हणाली, "पाण्यात कसली रं लढाई?" मलप्रभेत पोहायला शिकलेला मुलगा मी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत. लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'मध्ये शिकलो आणि स्टोकर झालो, म्हणजे जहाजाचा बॉयलर सांभाळणारा.

शाळेतली मुलं विचारतात, "आजोबा, १९७१ च्या लढाईत तुम्ही काय पाहिलं?" बाळांनो, मी काहीच पाहिलं नाही. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला चढवला, तेही आम्हाला मागाहून कळलं. आमची जागा पाण्याच्या पातळीखाली, बॉयलर रूममध्ये. समोर गेज ग्लास, काचेची एक नळी आणि तिच्यात हलणारं पाणी. ते फार उतरलं तर बॉयलरच्या नळ्या जळतात, फार चढलं तर वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं. चार-चार तास त्या वीतभर काचेवरून नजर हटवायची नाही. अंगातून घामाच्या धारा, डोक्यावरची झाकणं घट्ट बंद. लढाई कानांनीच ओळखायची. घंटा वाजली की वेग वाढवायचा. आपल्याच जहाजानं पाणबुडीच्या संशयावरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारा बॉम्ब टाकला, की बुडाचा पत्रा घणानं ठोकल्यासारखा वाजायचा. दर वेळी वाटायचं, आता पाणी आत आलं.

९ डिसेंबरला रात्री नऊच्या सुमारास, दीवपासून काही अंतरावर, पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीनं आपली 'खुकरी' बुडवली. अवघ्या काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि असायलाच हवं. मला आज त्या १७६ जणांविषयी बोलायचं आहे.

आमच्या गावात तेव्हा रेडिओ एकच, तोही दुसऱ्या आळीत. बातमी आली आणि जहाजाचं नाव कुणाच्याच तोंडी नीट बसेना. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी माझं शेवटचं पाकीट मुठीत धरलं आणि धावत गुरुजींचं घर गाठलं. आमचा पत्ता म्हणजे जहाजाचं नाव आणि पुढे 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. गुरुजींनी कंदिलाजवळ पाकीट धरून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नाव वेगळं आहे." वडील घरी आले, आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग ते नाव कुणाच्या पाकिटावर असंल?"

ते एका रत्नागिरीकडच्या घरातल्या पाकिटावर होतं. तो माझा लोणावळ्याचा सोबती. रजेवरून येताना मी बेळगावचा कुंदा नेला, की डब्याचं झाकण आधी तो उघडायचा. तोही स्टोकरच.

पंधरा वर्षांची नोकरी करून १९८२ साली मी गावी आलो. बॉयलरचंच काम येत होतं, म्हणून एका साखर कारखान्यात लागलो. तिथं तेलाऐवजी बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड जळायचं, एवढाच फरक. नौदलाचा दाखला चालला नाही, परीक्षा पुन्हा द्यावी लागली, दिली. डावा कान त्या आवाजानं गेला तो गेलाच. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवतो. वाफेनं आणि हत्यारांनी बोटांच्या रेषा झिजल्यात. यंत्र तीनतीनदा नाही म्हणतं. एका कार्यालयात अर्ज कन्नडमधून भरायचा होता. मला कन्नड बोलता येतं, पण लिहिताना हात अडतो. शेजारचे कन्नड मास्तर अख्खी दुपार माझ्याजवळ बसून राहिले. सीमाभागात आम्ही असेच जगत आलोय.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी घरीसुद्धा फार उशिरा सांगितली. १९७२ च्या उन्हाळ्यात मी रजेवर निघालो तो आधी त्या सोबत्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं लढाईचं काही विचारलं नाही. ओसरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "त्या वेळेला तो वर होता की खाली?"

मी त्या जहाजावर नव्हतो. त्या रात्री त्याची पाळी कोणती, मला ठाऊक नव्हतं. पण आमच्या कामाची माणसं कुठं असतात आणि वरची झाकणं किती घट्ट लावलेली असतात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी म्हटलं, "वर होता, मावशी. डेकवर होता. मोकळ्या हवेत."

तिनं पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं उठली, आत जाऊन पाट मांडला आणि मला जेवायला हाक मारली.