एकच विजय आणि अफाट लोकप्रियता : ज्याँ अलेझी

श्रोतेहो, नमस्कार.

फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या इतिहासात फ्रान्सचे नाव निघाले की चार विश्वविजेतेपदे मिळवणारा आलँ प्रोस्त आधी आठवतो. तरीही आज मी बोलणार आहे तो ज्याँ अलेझीविषयी. दोनशेहून अधिक शर्यतींत त्याला विजय मिळाला तो फक्त एक, आणि प्रेक्षकांचे प्रेम मात्र अनेक विजेत्यांना हेवा वाटावा इतके.

अलेझीचा जन्म 1964 साली आव्हिन्याँ येथे झाला. आईवडील मूळचे सिसिलीचे. 1989 मध्ये पॉल रिकार येथील फ्रेंच ग्रांप्रीत, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, त्याने टिरेल संघाकडून पदार्पण केले आणि थेट चौथा क्रमांक मिळवला. पण त्याचे नाव जगभर झाले ते पुढच्या वर्षी, अमेरिकेतील फिनिक्सच्या रस्त्यांवर. कमी ताकदीचे इंजिन असलेली टिरेल घेऊन तो जवळपास अर्धी शर्यत आघाडीवर राहिला. ब्राझीलच्या आयर्टन सेनाने त्याला मागे टाकले, तेव्हा पुढच्याच वळणावर त्याने सेनाला पुन्हा गाठून ओलांडले. शेवटी सेनाच जिंकला. पण चर्चा झाली ती दुसऱ्या आलेल्या या पोराची.

त्यानंतरचा निर्णय आजही वादाचा विषय आहे. विल्यम्स संघाशी करार झालेला असताना त्याने फेरारी निवडली. विल्यम्सने ती जागा नायजेल मॅन्सेलला दिली आणि 1992 साली मॅन्सेल विश्वविजेता झाला. फेरारीला मात्र 1991 ते 1993 या तीन हंगामांत एकही शर्यत जिंकता आली नाही. हिशेबी माणसाने असे केले नसते हे खरे, पण इटालियन चाहत्यांनी त्याला आपला मानले ते याच निवडीमुळे, असे मला वाटते. त्यातच त्याच्या गाडीवर फेरारीचा दिवंगत कॅनेडियन चालक जिल व्हिल्नव्ह याचा 27 हा लाडका क्रमांक होता. 1994 मध्ये मोंझा येथे त्याने पहिली पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान, मिळवली, आघाडीही घेतली, आणि पिट स्टॉपला, म्हणजे टायर-इंधनाच्या थांब्याला, गिअरबॉक्सने दगा दिला.

अखेर 11 जून 1995 रोजी, आपल्या एकतिसाव्या वाढदिवशी, माँट्रियलमध्ये तो जिंकला, आणि तेही व्हिल्नव्हचेच नाव असलेल्या ट्रॅकवर. आघाडीवरच्या मिखाएल शूमाखरची गाडी बिघडली होती, हे नशीब म्हणा. पण इतकी वर्षे नशिबाने घेतलेले पाहता कोणी तक्रार केली नाही. विजयानंतर अलेझीची गाडी वाटेतच बंद पडली आणि शूमाखरनेच त्याला आपल्या गाडीवर बसवून आणले.

त्याचे सारे अपयश यंत्रांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. 1997 मध्ये मेलबर्नला पिटमधून वारंवार बोलावूनही तो आला नाही आणि त्याच्या तेव्हाच्या बेनेटन संघाच्या गाडीचे इंधन संपून ट्रॅकवरच थांबला. उतावळेपणा त्याच्यात होताच, आणि प्रेक्षकांनी तोही गोड मानून घेतला.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो प्रोस्तच्याच संघात दाखल झाला. 2001 साली माँट्रियलमध्ये पाचवा आला, तर आनंदाने गाडी गोल गोल फिरवून त्याने हेल्मेट प्रेक्षकांत भिरकावले. त्याच वर्षी सुझुका येथे तो फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत धावला. पुढे जर्मनीच्या डीटीएम या मोटार शर्यतींच्या मालिकेत तो 2006 पर्यंत खेळला आणि 2012 साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीतही उतरला. तिथे त्याच्या लोटस इंजिनाचा वेग इतका कमी पडला की आयोजकांनी काळा झेंडा दाखवून त्याला बाहेर काढले.