खोऱ्यातून, कालव्याच्या कडेनं

[ड्रोन. पहाट. नाथसागरची भिंत.]

पैठण. नुकतं फटफटलंय. ही समोर पसरलीय ती जायकवाडीची मातीची भिंत, लांबी जवळजवळ दहा किलोमीटर. सांडव्याला २७ दरवाजे. ते उघडले की अख्खा मराठवाडा मोबाइल घेऊन इथं येतो. आपण त्या दरवाज्यांकडे पाठ करतोय. धरणाच्या डाव्या अंगानं एक कालवा निघतो आणि त्याला चिकटून मुरमाचा एक रस्ता. सायकल त्या रस्त्याला लावायची.

पैठणी दाखवणार नाही. ती सगळेच दाखवतात.

[टेबलावर नकाशा, पेन, मोबाइल.]

ही आदल्या संध्याकाळची तयारी. मोबाइलला पैठणहून वडीगोद्रीला, म्हणजे आपल्या टप्प्याच्या शेवटाला, कसं जायचं विचारलं, तर तो डांबरी रस्ता पुढं करतो. एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, सगळे त्याच रस्त्यावर. कालव्याचा रस्ता त्याच्या हिशेबातच नसतो. मग उपग्रहाचं चित्र उघडायचं. गोदावरीच्या उत्तरेला, नदीपासून अंतर राखून वळणं घेत जाणारी बारीक रेघ दिसते. तो डावा कालवा. त्या रेघेवरून पेन फिरवायचं आणि आडवा येणारा प्रत्येक पूल टिपून ठेवायचा. कारण चहा, पाणी, पंक्चरवाला, जे काही मिळेल ते पुलापाशी. मधे फक्त शेतं.

[धरणाच्या माथ्यावरून कालव्याच्या मुखाकडे.]

थोडं मागं जाऊ. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. शंकरराव चव्हाणांनी हे काम लावून धरलं, हे पैठणच्या कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळेल. आणि जायकवाडी नावाचं गाव शोधाल तर ते इथं सापडणार नाही. ते खाली बीड जिल्ह्यात. आधीच्या आराखड्यात धरण तिकडं होतं. जागा वर पैठणला सरकली, नाव तेच राहिलं. एकनाथांचं गाव म्हणून जलाशयाला नाथसागर म्हणाले.

धरणातून दोन कालवे निघतात. उजवा १३२ किलोमीटरचा, बीड जिल्ह्यातून माजलगावच्या धरणापर्यंत जाणारा. डावा २०८ किलोमीटरचा, जालन्याच्या शिवारातून पार परभणीकडे. डाव्या कालव्याखाली १ लाख ४१ हजार हेक्टरांहून जास्त लाभक्षेत्र आहे, कागदावर. शेवटच्या टोकाला पाणी किती पोचतं, ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारावं.

[सायकलवरून. कालव्याचं लांब वळण.]

आता हे वळण बघा. सपाट रान दिसतंय, तरी कालवा सरळ का जात नाही?

पाणी नदीच्या वर, उंचावरच धरून न्यायचं असतं. एकदा खाली उतरलं की वरच्या शेतांना ते मिळणार नाही. म्हणून कालवा उताराला आडवा, एकाच पातळीच्या आसपास चालतो. ओढा आडवा आला की वर वळसा घालून जातो, फारच मोठा असला तर जलसेतूवरून. किलोमीटरमागं उतार द्यायचा तो काही सेंटीमीटर. इंजिनिअरनं हे पाण्यासाठी केलं, पण फायदा आपल्या गुडघ्यांना. या रस्त्यावर चढ म्हणावा असा चढ लागत नाही. वळशांमुळं अंतर मात्र डांबरी रस्त्यापेक्षा वाढतं. तेवढं हिशेबात धरूनच निघायचं.

[डावीकडे कोरडं रान. उजवीकडे ऊस. इथं निवेदन थांबवून दृश्य चालू द्यावं.]

डाव्या हाताला कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. उजव्या हाताला ऊस. मधे आपण.

कालवा पूर्वेला चाललाय, नदी उजवीकडे, खाली. नदी आणि कालव्याच्या मधल्या पट्ट्याला पाणी आपसूक उतरतं. वरच्या अंगाला ते चढवावं लागतं, म्हणजे मोटार लागते, पाइप लागतो. त्या पाइपांना परवानगी असते की नसते हा वेगळा विषय.

उजवीकडे खाली नदीकाठी आपेगाव. ज्ञानेश्वर माउलींच्या घराण्याचं मूळ गाव. फाट्यावरून वाट वाकडी करून जाता येतं. एवढ्या लांब आलोच आहोत तर जावं.

[पाटकरी गेटपाशी, पाठमोरा.]

निघण्याआधी भेटायचा माणूस म्हणजे पाटकरी, कालव्याचं पाणी सोडणारा. शेतांकडे पाणी नेणाऱ्या चाऱ्यांची गेटं त्याच्या हातात. पाण्याची पाळी कधी सुटणार, कुठला भराव खचलाय, कुठं रस्ता तुटलाय, याची खबर त्याच्याइतकी कुणाकडे नसते. हा रस्ता पाटबंधारे खात्याचा, कालव्याच्या देखरेखीसाठी केलेला. सार्वजनिक वाट म्हणून तो बांधलेला नाही. त्यामुळं उपविभागीय कार्यालयात कळवूनच जायचं.

कालव्यावर जागा सांगायची रीतही वेगळी. धरणापासून किलोमीटर मोजत जातात. “अमक्या किलोमीटरला या” म्हटलं की पाटकरी बरोबर तिथं उभा.

[मातीत रुतलेलं चाक. क्लोजअप.]

हंगाम कुठला? पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीवर असतो, आणि हिरवंही दिसतं. पण काळ्या मातीचा एखादा तुकडा लागला, की हे असं. ब्रेकपाशी चिखल दाटतो, चाक फिरत नाही, सायकल उचलून चालावं लागतं. उन्हाळ्याचं नावच नको. पारा चाळिशीपार, आणि भरावावर सावलीचं झाड सापडलं तर नशीब. राहिली थंडी. डिसेंबर ते फेब्रुवारी. वारा उत्तरेकडून-पूर्वेकडून येतो, थोडा तोंडावर बसतो, पण सोसवतो. रब्बीची पाळी सुटली असेल तर कालवाही भरून वाहतो. तो नुसता बघायचा, त्यात उतरायचं नाही. अस्तराला शेवाळ असतं, पाय सरकला तर वर यायला धरायला काही नाही. पोहणाऱ्यांचेही जीव गेलेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. वाहतूक नाही म्हणजे अगदीच नाही असं नाही. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर काही पट्ट्यांत याच रस्त्यानं निघतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या. आवाज आला की उतरायचं आणि बाजूला उभं राहायचं. बैलगाडी आली तर राम राम.

[टायरमधून काटा काढणारा हात.]

हा वेड्या बाभळीचा काटा. कालव्याच्या दोन्ही काठांनी तिचं रान माजलंय. बारीक टायरची रेसिंग सायकल इथं आणू नये. जाड टायर, शक्यतो ट्यूबलेस आणि आत सीलंट. साधी सायकल असेल तर जादा ट्यूब, पॅच, पंप. काटा मोडून आत राहतो, म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवायचं. पाणी तीन लिटरच्या खाली नको. खाण्याची चिंता नको. सकाळी पुलापाशी मुरमुऱ्यांचा सुशीला मिळाला, तो या कढईतला.

[शाळेच्या गणवेशात मुली, सायकलींवर, कालव्याच्या रस्त्यानं.]

या रस्त्यावर आमच्या आधीपासून सायकल चालवणाऱ्या या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाली, रस्ता त्यांचा त्यांनी शोधला. ट्रकच्या रस्त्यापेक्षा हा बरा.

ब्रिटनमध्ये कालव्यांच्या काठानं बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाटा होत्या. त्यांतल्या कितीतरी आज सायकलींना खुल्या आहेत. ब्रिस्टल ते बाथ तर बंद पडलेली रेल्वेलाइनच १९७९ ते १९८६ या काळात सायकलवाट झाली. आपल्याकडे भराव आहे, त्यावर रस्ता आहे, पूल आहेत. मागणी एवढीच की वर्षातून दोनदा बाभूळ छाटा, खचलेल्या जागी मुरूम टाका, आणि शाळेच्या वाटेवर कालवा खोल आहे तिथं कठडा करा.

[नाथसागर. दूरवर पाणी.]

या पाण्याखाली शंभरावर गावं गेली. त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं पुढं कित्येक वर्षं चालली.

[महामार्गाचा पूल. वरून ट्रक.]

वडीगोद्रीच्या बाजूला धुळे–सोलापूर महामार्ग आडवा येतो. आपला टप्पा इथं संपतो. परतायला दोन वाटा. मुक्काम करून सकाळी पुन्हा कालव्यानंच, किंवा एखाद्या टेम्पोवाल्याशी भाव ठरवून सायकली मागं टाकायच्या. अंधारात भरावावर चालवायची नाही, उशीर झाला तर टेम्पोच.

पुढं घनसावंगी, मग परतूर, पाथरीकडचा भाग. तो आम्ही चित्रित केलेला नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. उसाची वाहतूक थांबली की तिकडं जायचं आहे. त्या भागातला रस्ता कुठं तुटलाय हे माहीत असेल, तर खाली किलोमीटर लिहून कळवा.